सव्वीस मिनिटांचं रीळ

छावणीकडे जाताना खाम नदीचा पूल ओलांडला की उजव्या हाताला एक बसकी दगडी इमारत लागते. निजामाच्या काळी तिथं कुठलंसं दफ्तर होतं. नंतर आमचं छोटं रेडिओ केंद्र आलं, ब्याण्णव साली तेही बंद झालं आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं तिथं कबुतरांनी काढली. आता एका ट्रस्टनं तिथं रेडिओचं संग्रहालय केलं आहे. मी सोमनाथ दहिवाळ. त्या केंद्रात सोळा वर्षं रेकॉर्डिंगच्या मशीनवर होतो. कुठली तार कुठल्या भिंतीतून गेली आहे हे सांगू शकणारा मी एकटाच उरलो, म्हणून ट्रस्टनं मला घरून उचलून आणलं. पगार नाही, पण दुपारचा चहा वेळेवर मिळतो.

येणारे लोक बहुतेक मोठे व्हॉल्व्हचे रेडिओ बघतात, शेजारी उभं राहून फोटो काढतात आणि ‘आमच्याकडं पण अस्साच होता’ म्हणून निघून जातात. मला त्याचं काही वाटत नाही. स्टुडिओ नंबर दोन जसा होता तसा पुन्हा उभा राहिला, एवढं मला पुरतं. भोकांच्या पाट्या लावलेल्या भिंती, काथ्याची चटई, मध्ये एक लाकडी खुर्ची आणि तिच्यापुढं माईक. एका भिंतीत दुहेरी काच, तिच्यापलीकडं माझा बूथ. दार चार बोटं जाड, कडांना नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पट्टी. चपला बाहेर काढायच्या. दारावर लाल दिवा. तो लागलेला असताना कलेक्टर आला तरी दार उघडायचं नाही, असा नियम होता आणि तो पाळायला लावण्यात मी फार खाष्ट होतो.

माझी दुसरी ख्याती शांततेबद्दल होती. हे जरा समजावून सांगायला हवं. बोलणाऱ्याचं खोकणं, अडखळणं आम्ही ब्लेडनं टेप कापून काढायचो. कापलेल्या जागी थोडी भर घालावी लागे. तिथं कोरी टेप जोडली तर ऐकणाऱ्याला चालता चालता खड्ड्यात पाय गेल्यासारखं वाटतं, कारण खोलीला स्वतःचा आवाज असतो. रिकाम्या खोलीचा वेगळा आणि माणूस बसलेल्या खोलीचा वेगळा. माणूस नुसता बसला तरी त्याचं अंग, त्याचे कपडे थोडा आवाज पितात. कान तयार असेल तर हा फरक डोळे मिटून सांगता येतो. म्हणून रेकॉर्डिंग संपलं की मी बूथमधून बटण दाबून सांगायचो, आता मिनिटभर तसंच बसा, हलू नका, मी ‘झालं’ म्हणेपर्यंत. मग त्या माणसाची एक मिनिट शांतता टेपवर घ्यायची. बाकीच्यांना हे सोमनाथचे चोचले वाटायचे.

नव्या टेपा तेव्हा सहज मिळत नसत. कार्यक्रम लागून गेला की तीच टेप पुसायची आणि परत वापरायची, असाच रिवाज होता. पण चांगली शांतता पुसायला माझा जीव होत नसे. ती मी कापून एका वेगळ्या रिळावर जोडत गेलो. दोन माणसांच्या मध्ये पांढरी पट्टी, आणि वहीत क्रमानं नावं. कीर्तनकार, वैद्य, हिमरू विणणारे एक बुजुर्ग, दौलताबादच्या सीताफळांवर बोलायला आलेले कृषी अधिकारी, अशी सव्वीस माणसं जमली. माझी स्वतःची शांतता त्यात नाही. लहानपणी विटी लागून माझं नाक मोडलं, तेव्हापासून श्वास घेताना बारीक शीळ वाजते. बायको म्हणते, तुम्ही घरात आहात की नाही हे मला हाक न मारता कळतं.

संग्रहालयाची व्यवस्थापक श्रेया हिला हे रीळ भलतंच आवडलं. तिनं त्याची कॉम्प्युटरवर प्रत करून घेतली, प्रत्येकाचे मोजून साठ सेकंद, आणि भिंतीवर हेडफोन टांगले. वर पाटी लावली, ‘सव्वीस माणसांची शांतता’. शाळेची पोरं पाच सेकंद ऐकतात आणि मशीन बंद आहे म्हणून तिच्याकडं तक्रार करतात. मूळ रीळ आणि त्याचं मशीन बूथमध्ये माझ्या ताब्यात.

करुणाताई पहिल्यांदा आल्या त्या दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी. पन्नाशी ओलांडलेली बाई, वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगला, सुटी गुरुवारची. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये जपलेलं एक पत्र काढलं. आमच्याच केंद्राचं, त्र्याऐंशी सालचं. फुलंब्री तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या गीताबाईंना जात्यावरच्या ओव्या गाण्यासाठी बोलावलं होतं. रेकॉर्डिंगची तारीख होती सतरा नोव्हेंबर, आणि पुढच्या महिन्यात कार्यक्रम कधी लागेल तेही लिहिलं होतं. गीताबाई ही त्यांची आई. तीन वर्षांपूर्वी वारली. ती टेप ऐकायला मिळेल का, असं त्या विचारत होत्या.

मी पत्र होतं तसं घडी घालून परत दिलं. मग म्हणालो, त्या काळी सगळ्यांच्याच टेपा पुसल्या जायच्या. हे खरंच होतं.

“नाय भेटली तरी चालंल, साहेब,” त्या म्हणाल्या. “माय हितं येऊन गायली, एवढं कागदावर पायजे मला.”

त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. ठरलेल्या संध्याकाळी समाजमंदिरापुढं ट्रान्झिस्टर ठेवून अख्खी वस्ती बसली होती. बायांनी लवकर स्वयंपाक उरकले होते. रेडिओवर ओव्या आल्याच नाहीत, दुसरंच काही लागलं. कुणीतरी केंद्राला पत्र टाकलं, तर उत्तर आलं की सदर कलाकार रेकॉर्डिंगला आल्याच नाहीत. तेव्हापासून गीताबाईंना ‘रेडिओवाली’ म्हणू लागले. शहरात जाऊन कुठं होती कुणास ठाऊक, असंही लोक म्हणाले. तिनं पुन्हा ओवी म्हटली नाही. करुणाताई तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. आईच्या एका तरी ओवीची चाल आठवते का, असं मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

जाताना त्यांनी विचारलं, त्या दिवशी मशीनवर कोण होतं, काही समजेल का. मी सांगितलं, त्या वर्षाचं रजिस्टर सापडत नाही.

रजिस्टर माझ्या घरी लोखंडी कपाटात होतं. केंद्र बंद झालं तेव्हा मीच ते उचलून नेलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती मी चाळीस वर्षं झाकून ठेवली होती आणि आता उघडायचं धाडस माझ्यात नव्हतं. पण ती बाई पिशवी सावरत पायऱ्या उतरू लागली तेव्हा मला राहवलं नाही. मी हाक मारून थांबवलं. म्हटलं, आवाज नाही, पण तुमच्या आईची एक मिनिटाची शांतता माझ्याकडं आहे. वहीत सतरावं नाव.

त्यांना ते वेडगळ वाटेल असं मला वाटलं होतं. त्या चपला काढून मुकाट्यानं स्टुडिओत गेल्या आणि त्याच लाकडी खुर्चीवर बसल्या. मी बूथमधून टेप सोडली. स्टुडिओतल्या स्पीकरमधून ती शांतता खोलीत उतरली. श्वास, आणि चाळिसाव्या सेकंदाला काचेच्या बांगड्यांचा एक हलका आवाज. मग पांढरी पट्टी. मी मशीन थांबवलं. काचेतून पाहिलं तर त्या हात मांडीवर ठेवून डोळे मिटून बसल्या होत्या.

बाहेर येऊन म्हणाल्या, “मायच हाय. श्वास घ्यायच्या आधी जरा थांबायची ती.” पुढच्या गुरुवारी परत येऊ का, असं त्यांनी विचारलं. मी नको कसं म्हणणार?

दुसऱ्या गुरुवारी त्या आल्या, बसल्या, ऐकलं. मला काहीतरी लांबल्यासारखं वाटलं, पण मशीन जुनं, पट्टा ढिला झाला असेल असं मी समजलो. तरी सवयीनं स्टॉपवॉच दाबलेलं होतं. एक मिनिट वीस सेकंद.

त्या गेल्यावर मी मशीनचा वेग तपासला. बरोबर होता. सोळाव्या क्रमांकाचे वैद्य साठ सेकंद, अठरावे कृषी अधिकारी साठ सेकंद. सतराव्या गीताबाई एक मिनिट वीस. भिंतीवरच्या हेडफोनमधल्या प्रतीत मात्र त्या साठच सेकंद होत्या. टेप म्हातारी झाली की ताणली जाते, हे मला ठाऊक आहे. पण ताणलेल्या टेपवरचा आवाज जड होतो, बांगड्या घंटेसारख्या वाजायला हव्यात. त्या तशाच काचेच्या वाजत होत्या.

तिसऱ्या गुरुवारी चार मिनिटं लागली.

त्या दिवशी करुणाताई एवढंच म्हणाल्या की आज माय जरा जास्त वेळ बसली. त्यांना घड्याळ लावून ऐकायची सवय नव्हती. मी हसून काहीतरी बोललो. त्या फाटकाबाहेर गेल्यावर बूथचं दार लावून सतरावा तुकडा रिळावरून सोडवला आणि बाहेरच्या लांब पडवीत जमिनीवर अंथरला. पडवीची फरशी बरोबर दोन फुटांची. आमच्या वेगाला एका मिनिटाची टेप साडेसदतीस फूट भरते, म्हणजे पावणेएकोणीस फरश्या. मी गुडघ्यावर चालत मोजलं. पावणेएकोणीस फरश्या भरल्या. श्रेया चहा घेऊन आली आणि मला असं रांगताना बघून तिनं विचारलं, काका, काही हरवलं का. मी म्हटलं, नाही, सगळं जागेवर आहे.

तुकडा परत जोडला आणि लावला. पुन्हा चार मिनिटं.

चौथ्या गुरुवारी मी टेपकडं नीट बघत बसलो. रिळं नेहमीच्या वेगानं फिरत होती. डावीकडची टेप कमी होत नव्हती, उजवीकडची वाढत नव्हती, आणि पांढरी पट्टी मशीनच्या तोंडाशी येतच नव्हती. दुपारचं ऊन बूथच्या झरोक्यातून माझ्या हातावर पडलं होतं, बाहेर शाळेची सहल गलका करत होती, सगळं अगदी रोजच्यासारखं. श्वास चालू होता. मध्येच आवंढा गिळल्याचा आवाज आला. तहान लागलेल्या माणसाचा असतो तसा. एकोणीस मिनिटांनी पट्टी आली.

करुणाताई त्या दिवशी लगेच उठल्या नाहीत. मी आत गेलो तेव्हा खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत होत्या. म्हणाल्या, माय शेवटी शेवटी दवाखान्यात होती तेव्हा अशीच बसायची. खाटेवर ताठ, हात मांडीवर. पड म्हटलं तर ऐकायची नाही.

“नर्सनं इचारलं, आजी, कशापायी बसल्या? तर म्हणली, त्या साहेबानं हलू नका म्हणलंय. अजून झालं म्हणला नाय.”

त्या थोडं हसल्या. आईनं हे आयुष्यभर अभिमानानं सांगितलं होतं म्हणे, की साहेबानं सांगितलं तशी मी बसले, पापणीसुद्धा हलवली नाही. लोक म्हणायचे, थापा मारते. मी खिडकी नसलेल्या त्या खोलीत भिंतीकडं बघत उभा राहिलो, कारण करुणाताईंकडं बघणं मला शक्य नव्हतं.

त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. बायकोनं विचारलं, पोटाचं काही आहे का. मी कपाट उघडून रजिस्टर काढलं आणि परत ठेवलं. तिसऱ्यांदा काढलं तेव्हा पिशवीत घातलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी त्या आठवड्यात भोगलं. रिक्षावाला माझ्याकडं वळून बघायचा तरी वाटायचं, याला ठाऊक आहे.

पाचव्या गुरुवारी करुणाताई अडीच वाजता आल्या. मी टेप सोडली आणि स्टॉपवॉच दाबलं. वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. करुणाताई हलल्या नाहीत. टेपवरचा श्वास आणि त्यांचा श्वास काचेपलीकडून एकच वाटू लागला होता. तास झाला. सत्तर मिनिटं होत आली तेव्हा टेपवर, भिंतींच्या फार पलीकडून, एक बारीक लांबट आवाज आला.

गिरणीचा भोंगा. तीनचा.

ती गिरणी कधीच बंद पडली. तिथं आता दुकानं आहेत. पण त्या भोंग्याची वेळ मी विसरलेलो नाही. सतरा नोव्हेंबरला तो वाजला तेव्हा मी घाटी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होतो आणि माझ्या हातात तासाभराचं बाळ होतं. माझा अभय. बूथमधून मी निघालो होतो दोनला दहा कमी असताना. त्यानंतर बरोबर सत्तर मिनिटांनी तीन वाजतात.

मी टेप थांबवली. उठलो, चपला काढल्या आणि स्टुडिओत गेलो. रजिस्टर करुणाताईंच्या मांडीवर उघडून ठेवलं आणि ती ओळ दाखवली. अक्षर माझं. ‘कलाकार अनुपस्थित. रेकॉर्डिंग झाले नाही.’ खाली सही.

मग सगळं सांगितलं. गीताबाईंनी तीन ओव्या म्हटल्या. मला शब्द आठवत नाहीत, चाल आठवत नाही. मी मशीनची सुई बघत होतो. ती सुई एकदाही लालात गेली नाही आणि एकदाही खाली पडली नाही, असा गळा मी नंतर ऐकला नाही. गाणं संपल्यावर मी म्हटलं, मिनिटभर बसा, मी झालं म्हणेपर्यंत. तेवढ्यात बूथमधला फोन वाजला. घाटीतून निरोप होता, पहिलं बाळंतपण, तातडीनं या. मी पळालो. टेप चालू, लाल दिवा चालू, आणि बाई आत बसलेली. तिच्या बाजूनं काचेत फक्त स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, बूथ रिकामा झाला हे तिला कसं कळणार? आणि माझा नियम असा कडक की लाल दिवा बघून पडवीतून जाणाऱ्या कुणीही दाराला हात लावला नाही. सव्वासहाला पुंजाराम शिपायानं संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी धीर करून दार उघडलं. शेवटची एसटी गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन आलो. पुंजारामनं मला बाजूला घेऊन सांगितलं. मशीन चालू टाकून गेलो हे वर कळलं असतं तर चौकशी लागली असती, नोकरीवर गदा आली असती. पुंजाराम म्हणाला, मी काही पाहिलं नाही. मग मी रजिस्टरमध्ये ती ओळ लिहिली आणि टेप पुसली. पुसायच्या आधी शांततेचं एक मिनिट मात्र कापून घेतलं, कारण इतकी स्वच्छ शांतता मला कधी मिळाली नव्हती. हे सांगताना मला माझी किळस आली आणि ती अजून गेलेली नाही.

करुणाताईंनी ती ओळ दोनदा वाचली. बोटानं अक्षरं चाचपली.

“सवा सहापोतूर?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“पाणी?”

“नाही. कुणी दिलं नाही.”

मी हात जोडले, म्हणालो, मला माफ करा.

“माफीचं मंग बघू,” त्या म्हणाल्या. “आधी तिला उठवा.”

मी बूथमध्ये गेलो. टेप सुरू केली, स्टॉपवॉच शून्यावरून पुन्हा दाबलं. तोच श्वास.

स्टुडिओशी बोलायचं टॉकबॅकचं बटण दाबलं. काचेपलीकडून करुणाताई माझ्या दिशेनं बघत होत्या.

“झालं, गीताबाई,” मी म्हणालो. “झालं. उठा आता.”

श्वास थांबला.

मग एक लांब सुस्कारा आला. बांगड्या वाजल्या. खुर्ची करकरली. टेपवरची. करुणाताई बसलेली खुर्ची जागची हलली नव्हती.

काथ्याच्या चटईवर अनवाणी पावलं. सावकाश, पायाला मुंग्या आलेल्या माणसाची. ती खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाकडं गेली. करुणाताईंनी मान वळवली आणि पावलांबरोबर त्यांची नजर दारापर्यंत गेली.

दाराची नमद्याची पट्टी दगडी चौकटीला घासली.

त्यानंतर जी शांतता आली ती मी लगेच ओळखली. रिकाम्या खोलीची. पाठोपाठ पांढरी पट्टी आली. स्टॉपवॉचवर साठ सेकंद झाले होते.

“गेली,” करुणाताई म्हणाल्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग पिशवीतून कोरा कागद आणि पेन काढलं. ते त्यांनी पहिल्या दिवसापासून आणलेलं असणार. मी लिहून दिलं की अमुक तारखेला गीताबाई या केंद्रावर आल्या, तीन ओव्या गायल्या, ते रेकॉर्डिंग मी पुसलं आणि रजिस्टरमध्ये खोटं लिहिलं. सही केली, तारीख घातली. कागदावर त्यांनी फुंकर मारली, घडी केली आणि पत्राच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवली.

पायरीवर चपला घालताना त्या म्हणाल्या, बसा साहेब, येते मी.

श्रेयाला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं, म्हणजे टेप सोडून बाकी सगळं. तिनं रजिस्टर काचेच्या कपाटात त्याच पानावर उघडं ठेवलं आणि शेजारी माझ्या कबुलीची प्रत लावली. लोक वाचतात आणि मग माझ्याकडं बघतात. बघू देत. चार दिवसांनी करुणाताईंचा फोन आला. समाजमंदिरापुढं माणसं जमवून त्यांनी कागद वाचून दाखवला. ज्या म्हाताऱ्यानं ‘रेडिओवाली’ हे नाव पाडलं होतं तोही खाटेवर आणून बसवला होता. मग बायांनी जुनं जातं काढून धुतलं, असं त्या म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. मी विचारलं, येत्या गुरुवारी येताय ना? त्या म्हणाल्या, बघते, कंपनीत काम वाढलंय.

त्या गुरुवारी आल्या नाहीत. मी रिकामाच होतो म्हणून रीळ सुरुवातीपासून तपासायला घेतलं. कीर्तनकार, वैद्य, सगळे जागेवर, साठ साठ सेकंद. सतराव्या जागी रिकामी खोली. हिमरूवाले बुजुर्ग सव्विसावे आणि शेवटचे. त्यांच्यानंतर पांढरी पट्टी आणि मग रीळ संपतं, टेपचं टोक सुटून फडफडतं.

ते फडफडलं नाही. पांढऱ्या पट्टीनंतर तपकिरी टेप लागली. ती मी जोडलेली नाही. जोड मात्र माझ्या हातचा असतो तसाच होता, तिरका आणि नीट. आवाज वाढवला. माणूस बसलेल्या खोलीची शांतता होती. कुणीतरी अगदी न हलता बसलं होतं. आणि दर श्वासाला नाकातून एक बारीक शीळ.

एक मिनिट भरलं आणि टोक सुटलं. शेवटी ‘झालं’ नव्हतं. ‘बसा साहेब’ एवढंच करुणाताई म्हणून गेल्या होत्या.

मी करुणाताईंना फोन केला. काय सांगणार? एवढंच म्हणालो, एकदा इथं येऊन जा, माझ्यासाठी तुम्हाला एक शब्द बोलायचा आहे. त्या म्हणाल्या, येते की, साहेब, एखाद्या गुरुवारी.

काल गुरुवार होता. मी अडीचपासून बूथमध्ये वाट बघत बसलो, मग रिळाचा तो शेवटचा तुकडा लावला आणि स्टॉपवॉच दाबलं. एक मिनिट वीस सेकंद.